चाळीस कोयते

"कार्ड नसेल तर कॅमेऱ्यापुढं एक शब्द बोलता येणार नाही, ताई. नियम आहे," कलाकारांच्या युनियनचा विजयसिंह म्हणाला.

सुनिताला हसू आलं. हा तिला नियम शिकवतोय होय? तो आणलाच मुळी तिनं. महिन्यामागं धर्मापुरीत ऊसतोड्यांवरच्या मालिकेचं शूटिंग सुरू झालं. टोळीतल्या बायांनी दिवसभर उन्हात, बिनपाण्याचं, उसाच्या मोळ्या उचलायच्या, अन् बोलायची वेळ आली की मुंबईच्या नटीनं गाडीतून उतरून बोलायचं. सुनिताचं डोकं फिरलं. बायांना घेऊन ती कॅमेऱ्याच्या पुढ्यातच बसली. तीन दिवस हलली नाही. गडीमाणसं तेवढी भाकरी आणून द्यायची अन् लांबूनच मागं फिरायची. शेवटी युनियनला यावं लागलं. टोळीतल्या सगळ्यांना कलाकार म्हणून कार्ड मिळणार, अन् ज्याच्याकडं कार्ड नाही त्याच्या तोंडी वाक्य जाणार नाही, असं ठरलं.

आज शूटिंगचा शेवटचा दिवस, अन् वाक्यं सुनिताची होती. भर फडात मुकादमाला जाब विचारणारी बाई. चाळीस बायांतून दिग्दर्शकानं तिलाच निवडलं होतं. बारा वर्षं जे घशाशी येऊन परत गेलं, ते ती आज सगळ्यांदेखत बोलणार होती.

"आमच्या टोळीची यादी दिलती की तुमाला," ती म्हणाली. "कार्ड तुमच्या पिशवीतच असंल. बघा तर खरं."

विजयसिंहानं यादी काढली. त्रिंबक, रामेश्वर, सत्यम, प्रविण... चाळीसच्या चाळीस नावं वाचली. कागद उलटून पाहिला. मागं कोरं होतं.

"यात बाईचं एकही नाव नाही, ताई. नवी कार्डं यायला महिना लागेल."

सुनिताच्या नवऱ्यानं, त्रिंबकनं, हातातलं, आजच मिळालेलं नवंकोरं कार्ड हळूच खिशात सारलं. तिकडं गाडीचं दार उघडलं. मुंबईची नटी खाली उतरली. तिच्या हातात कोयता दिला गेला. तिनं तो उलटा धरला.

"हे त्या मुडद्या मुकादमाचंच काम," टोळीतली भिवराबाई चवताळली. "नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा, अन् यादीत नाव गड्याचं. जल्मभर तेच केलं त्यानं. हितंबी आमाला खाल्लं."

बाकीच्या बायाही मुकादमाच्या नावानं बोटं मोडायला लागल्या. सुनिताला मात्र विजयसिंहाच्या हातातला कागद दिसत होता. टोळीत सातवी शिकलेली ती एकटीच. मुकादमाला कोयत्यांची यादी बारा वर्षं तीच लिहून द्यायची, अन् महिन्यामागं युनियननं यादी मागितली तेव्हा तीही तिनंच, दरसालच्या सवयीनं, एका बैठकीत लिहून दिली होती.