तिचा पासवर्ड

घरच्यांनी नको ती सॉफ्टवेअर टाकल्यामुळे तिची भरतकामाची डिझाइन्स एकदा पुसली गेली होती. तेव्हापासून संगणकावर काहीही नवं टाकायला तिचा पासवर्ड लागायचा.

"सूनबाई, पत्त्यांच्या खेळासाठीही तुझ्या पाया पडू का?" सासऱ्यांनी चहा ओतत विचारलं.

"बाबा, नुसतं गोड बोललात तरी चालेल."

नवरा आणि लेक खदखदून हसले. घरातली चौघंही अशी टेबलाभोवती जमली की तिला भरून पावल्यासारखं वाटे.

तेवढ्यात आतल्या खोलीत कीबोर्ड वाजला. अक्षरं भराभर पडली, मग जरा थांबून शेवटचं हलकेच. मनात देवाचं नाव घेऊन शेवटचं अक्षर दाबायची सवय तिचीच होती.

पासवर्ड चुकला की संगणक ठणकन वाजायचा. ती कान देऊन बसली.

तो वाजला नाही.