अख्खं कॅलेंडर

काडतुसांच्या जुन्या जाहिराती जमवण्याच्या नादापायी त्याने आजवर नाही नाही त्या दारांच्या कड्या वाजवल्या होत्या, पण असं घबाड पहिल्यांदाच हाती लागत होतं. म्हातारीच्या स्वयंपाकघरात काडतुसांच्या कंपनीचं साठ वर्षांपूर्वीचं कॅलेंडर टांगलेलं होतं. वर बंदूकवाला शिकारी, पायाशी कुत्रा आणि खाली मार्चपासून डिसेंबरपर्यंतची सगळी पानं शाबूत! एरवी मिळायची ती कॅलेंडरं पानं फाडून पार बोडकी झालेली.

"च्च! पहिली दोनच पानं गेली," तो हळहळला. "पण बाकीची कशी हो टिकवलीत, आजी?"

"पान आमचे हे फाडायचे. एक तारखेला, चहाच्या आधी. त्या मार्चमध्ये बदकं मारायला गेले. झुडूप हललं आणि दिरांनी बंदूक झाडली. काडतुसं हीच. त्यांच्या खोक्याबरोबर हे कॅलेंडर फुकट आलं होतं."

"च्च!" तो म्हणाला. डोळे मात्र फाडलेल्या पानांच्या कडेवरच होते.

म्हातारीच्या नजरेतून ते सुटलं नाही. खिळ्यावरून कॅलेंडर काढून तिने त्याच्या हातात दिलं.

"खरंय तुमचं," ती म्हणाली. "जानेवारीतच गेले असते, तर तुम्हाला अख्खं मिळालं असतं."