हात चांगला, घाई फार

"मग मी आता ऐकू तरी कोणाचं?" लिफ्टवाल्याने विचारलं.

समोर दोन डॉक्टर बसले होते. एक थोरले, चष्म्याचे. दुसऱ्या धाकट्या बाई. मधे टेबलावर त्याच्या आईची फाइल. तिच्यावर ठळक अक्षरात नंबर, सहाशे बारा.

"हा कॅन्सरचा सावकाश वाढणारा प्रकार आहे," थोरले म्हणाले. "मानेतून छातीपर्यंत पसरलाय, ते कबूल. पण औषधाला दाद देईल. सोमवारपासून सुरू करू. सहा महिने ये-जा करावी लागेल."

"मला तो झपाट्याने वाढणारा दिसतोय," धाकट्या बाई म्हणाल्या. "औषधाचा उपयोग नाही, हाल मात्र होतील. दुखणं तेवढं आवरू. बाकी त्यांना घरी राहू दे."

"गाठ एक आणि दोघांना दिसतात दोन?"

"दिसतात," थोरल्यांनी मोकळेपणाने सांगितलं.

लिफ्टच्या कामात असं नसतं. दोर बदलायचा की नाही यावर दोघांची जुंपली, तर तुटलेल्या तारा मोजायच्या. वाद मिटला. इथे काय मोजायचं हेच त्याला कळेना.

"आईंना स्वतःला काय वाटतं?" बाईंनी विचारलं.

"तिला माहीतच नाही."

हे सांगताना त्याचा आवाज थोडा फुशारला. फुशारणारच. आई चाळीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून लोकांच्या गाठींची निदानं करत आलेली. निवृत्त झाली तरी मायक्रोस्कोप खिडकीपाशी होताच, आणि अधूनमधून कोणाकोणाची कामं येत. अशा बाईपासून तिचीच गाठ लपवायची म्हणजे मांजरापासून दूध लपवायचं. पण त्याने जमवलं होतं. हॉस्पिटल निवडलं तीन तासांवरचं, तिला चेहऱ्याने ओळखणारं कोणी नसेल असं. कागदावर तिचं माहेरचं नाव घातलं. त्या नावाने हाक आली तेव्हा आई म्हणाली, "शाळेत हजेरी लागल्यासारखं वाटलं हो," आणि मुकाट्याने आत गेली. साधी गाठ आहे, गोळ्यांनी बसेल, असं त्याने सांगितलं. "बरं बाबा," ती म्हणाली. फाइल तो हत्यारांच्या पिशवीत ठेवायचा, तळाशी, ग्रीसच्या डब्याखाली.

जन्मभर तिने दुसऱ्यांच्या वाईट बातम्या वाचल्या. स्वतःची तरी तिला वाचावी लागू नये, एवढंच त्याला हवं होतं.

"सोसतील का त्या?" थोरल्यांनी विचारलं. "स्वभावाने कशा आहेत?"

आईचं काम त्याने सांगितलं नाही. चित्रांची गोष्ट सांगितली. ती तो कोणालाही सांगायचा.

"मी नऊ वर्षांचा असताना इमारतीतल्या पोरांची चित्रांची स्पर्धा होती. आई परीक्षक. चित्रांमागे नावं नाहीत, नुसते नंबर. माझं चित्र तिने घरी डोळ्यांनी बघितलं होतं, आगगाडीचं. तरी मला शेवटून दुसरा नंबर दिला! खाली शेरासुद्धा मारला. मी दोन दिवस जेवलो नाही. आता मात्र छाती फुगते, साहेब. अशी आई कोणाला मिळते?"

शेऱ्यातले शब्द त्याने सांगितले नाहीत, मनातच म्हटले: 'हात चांगला, घाई फार.' धाकट्या बाई हसल्या. थोरल्यांनी फाइल मिटली.

"आमचं हे असं मिटायचं नाही," ते म्हणाले. "आम्ही अडलो की गाठीच्या तुकड्याची काच, मायक्रोस्कोपखाली बघायची, एका जाणकाराकडे पाठवतो. समोरासमोर भेट कधी झाली नाही, पण शब्द अखेरचा. काचेवर फक्त नंबर. आठ दिवस द्या."

ते आठ दिवस त्याला जड गेले. औषध सुरू करू म्हणणाऱ्या थोरल्यांचं खरं निघावं, असा त्याने मनात हजारदा कौल लावला.

पाचव्या दिवशी तो कामावरून आला तेव्हा आई खिडकीशी बसली होती. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती. ती पेन्सिलीला टोक काढत होती, सावकाश.

"दुखतंय का?" त्याने विचारलं.

"नाही रे. काय शोधतोयस?"

"टेस्टर. सकाळपासून सापडत नाहीये."

"खिशाला लावलाय तुझ्या. काखेत कळसा नि गावाला वळसा." ती हसली. मग म्हणाली, "सुट्टी किती उरलीय तुझी?"

"बरीच आहे. का गं?"

"सहज. काढून टाक. लिफ्टा काही पळून जात नाहीत."

तिने त्याच्या बाहीवरचा ग्रीसचा डाग बोटाने खरवडून बघितला आणि त्याला हात धुवायला पिटाळलं.

नवव्या दिवशी दोघं डॉक्टर त्याची वाटच बघत होते.

"मी चुकलो," थोरले म्हणाले. "बाईंचं बरोबर होतं. औषध सुरू करायचं नाही."

तो खुर्चीत बसला.

"मत आलंय ते ऐका," थोरल्यांनी कागद उचलून वाचला. "'झपाट्याने वाढणारा प्रकार. दोनदा पाहिले, शंका नाही. औषधाने दिवस वाढणार नाहीत. रुग्णाला घरी राहू द्यावे.' इतकं सरळ लिहायला धाडस लागतं. आम्ही तिथे डोळे मिटून विश्वास ठेवतो, तो याचसाठी."

लिफ्टवाल्याने मान हलवली.

"फक्त खाली पेन्सिलीने एक ओळ आहे," धाकट्या बाई कागद त्याच्यापुढे सरकवत म्हणाल्या. "तिचा अर्थ आम्हा दोघांनाही लागला नाही. तुम्हाला लागतो का बघा."

त्याने वाचलं.

'सहाशे बाराच्या मुलास सांगावे: हात चांगला, घाई फार. फाइल ग्रीसच्या डब्याखालून काढ, कागदांना डाग पडताहेत.'