पथ्याचा हात

हळदीच्या मांडवात नवरदेवाचा मामा यशवंत निमूट काकडी चघळत बसला होता. वजन उतरवायला त्याने दंडात पथ्याची चिप बसवून घेतली होती. तेव्हापासून त्याचा उजवा हात तळलेलं, गोड, दारू, काहीही तोंडाशी आलं की सरळ भिरकावून द्यायचा!

“साडूभाऊ, हळदीचा पहिला घोट साडूच्याच हातून घ्यायचा असतो!” म्हणत रमाकांतने एका हाताने त्याचे दोन्ही हात मागे आवळले आणि दुसऱ्या हाताने दारूचा ग्लास त्याच्या तोंडात रिकामा केला.

मांडव खो खो हसला. तेवढ्यात उजवा हात हिसडा मारून सुटला आणि पथ्य मोडणाऱ्या रमाकांतचा गळाच त्याने धरला.

“अहो, सोडा की! निळा पडला माणूस!” यशवंतची बायको सुलभा किंचाळली.

“मी कुठं धरलंय! हात ऐकत नाहीये गं!”

तिघांनी ओढलं, तर पकड आणखीच आवळली. रमाकांतचे डोळे पांढरे झाले.

“सुलभे, कोयता घे! माझ्या मनगटावर घाल!” यशवंत ओरडला.

मटणाच्या ओंडक्यावरचा कोयता उचलून सुलभाने सगळा जीव एकवटून घाव घातला.

तुटलेल्या हाताची बोटं सैल पडली. रक्ताच्या चिळकांडीत रमाकांतने श्वास ओढला आणि हंबरडा फोडला.

“रडतोस काय?” पांढराफटक पडलेला यशवंत म्हणाला. “आता पाज बिनधास्त.”