तिखट वरात

नवापूरच्या अलीकडे वरातीचा ट्रक थांबला आणि नवरदेवाकडची सगळीच्या सगळी माणसं घळाघळा रडत खाली उतरली.

बँड मध्येच बंद पडला. नवरीची आई तुळशीबाई ओवाळणीचं ताट घेऊन जागीच थबकली. लग्नात नवरीकडची माणसं रडतात, तीही निरोपाला. नवरदेवाकडची, आणि येतानाच?

"काय व्हयनं माय? कोणी गयं का?"

जसोदाबाईने पदराने नाक दाबलं. ती नवरदेवाची फुई, म्हणजे सख्खी आत्या, आणि नंदुरबारच्या 'फुई मसाले' कंपनीची मालकीण. ट्रान्सपोर्टवाल्याने डिझेलचं नाव पुढे करून भाडं असं वाढवलं होतं की तेवढ्यात मिरची विमानात खिडकीशी बसून गेली असती. इकडे सुरतेच्या व्यापाऱ्याने बजावलेलं: आज संध्याकाळपर्यंत माल आला नाही, तर यापुढे तुमची मिरची बंद. तो गेला की कंपनीला कुलूप. मग बाईला वरातीचा ट्रक आठवला. तो तर सुरतेच्याच वाटेवर निम्मा जाणार होता. खाली मिरचीची पोती, वर गोधड्या, त्यावर वऱ्हाड. वऱ्हाड मांडवात बसेल तेवढ्यात ट्रक सुरत करून येईल. कुणाला कळणार होतं?

पण ड्रायव्हर उमाकांत एकाही गतिरोधकाला भाव देईना. पहिल्या गतिरोधकाला मामा शिंकला, दुसऱ्याला सगळं वऱ्हाड. विसरवाडीच्या पुढे तर शिंकांचा असा जोर लागला की उमाकांतने इंजिन बंद केलं आणि ट्रक नुसत्या शिंकांवर चढ चढला. तेवढं डिझेल वाचलं, असं तो आजही शपथेवर सांगतो.

"कोणी नही गयं," जसोदाबाई हुंदका देत म्हणाली. हुंदका खरा होता. "तुम्हनी पोर माहेर सोडी ऱ्हायनी, हाई दुख आम्हले आतेच सहन व्हत नही."

झालं! नवरीकडची माणसं विरघळली. बायका गळ्यात पडल्या, बँडवाल्यांनी मिळेल ती रडकी चाल धरली. नवरदेव अजित लाल नाकाने उभा होता, त्याला तर तीन म्हाताऱ्यांनी पोटाशी धरलं.

या गोंधळात तुळशीबाई ट्रकपाशी गेली. वर विसरलेली कुणाची तरी पिशवी काढताना तिच्या हाताने गोधडीचं टोक उचललं गेलं. ती शिंकली. पुन्हा शिंकली. मग वळून तिने जसोदाबाईकडे पाहिलं.

जसोदाबाई लगबगीने ट्रकपाशी आली. आता लग्न तरी मोडणार, नाहीतर कंपनी तरी.

"विहीणबाई," तुळशीबाई म्हणाली, "तुम्हना आसू भलता तिखट शेतस."

"राग नका धरू, माय. सुरतले माल जावाना शे. उशीर व्हयना ते मन्ही कंपनी बुडी."

तुळशीबाईने नाक पुसलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ट्रकमा जागा कितली शे?"

"काब्र? जागा कसाले?"

"मन्ही डाळमिलनी तूरडाळ पडेल शे. तीबी सुरतलेच जावानी शे. तो ट्रान्सपोर्टवाला माले बी लुटी ऱ्हायना."

जसोदाबाई आता हसतेय की रडतेय, तिचं तिलाही कळेना. "आन् भाडं?"

"सोयरीक व्हयनी ना? मंग निम्मं-निम्मं!"

मुहूर्ताला अवकाश होता. वऱ्हाडी, पाहुणे, बँडवाले, सगळ्यांनी शिंकत शिंकत मांडवामागच्या मिलमधली डाळीची पोती चढवली. झेंडूच्या माळा काढायलाही न थांबता उमाकांतने ट्रक सुरतेच्या वाटेला घातला. काचेवर 'अजित-सीमा', आणि मागे मिरची नि डाळ एकमेकांना खेटून.

धूळ बसेपर्यंत तुळशीबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"चला, एक जोडी ते वाटले लागनी," ती म्हणाली. "आते पोरेस्नं लगीन लावूत."