काळी पाच

मशीनवर चिकटवलेल्या पांढऱ्या टेपवर अण्णांच्या अक्षरात लिहिलं होतं : काळी तीन.

महेश्वरीनं चष्मा पदराला पुसून पुन्हा वाचलं. काळी तीनच. तिचा सा काळी पाचचा, कीबोर्डवरच्या पाचव्या काळ्या घराचा. उंच, तरण्या गळ्याची पट्टी. बावीस वर्षं ती त्याच पट्टीत गात होती आणि सोलापुरातल्या एकूण एक मंगल कार्यालयात तसं सांगतही होती. मग ही खालची पट्टी कुणाची?

ऋतुजाची. दुसरी कोण असणार? सव्वीस वर्षांची, त्यांच्या मागं कोरसला उभी राहणारी जाड आवाजाची पोर. कीबोर्ड वाजवणारे सिद्धलिंगप्पा अण्णा आठवडाभर तिलाच घेऊन दुकानं फिरत होते. एका गळ्यातून तीन आवाज काढणारं मशीन निवडायला. ही बातमीही ऋतुजानंच फोनवर दिली होती, लाडात येऊन. "चार मशीनं बघितली की अण्णांनी. सगळ्यांवर मलाच गायला लावलं."

महेश्वरीला एकदाही बोलावलं नव्हतं. आज मशीन आलं, उद्या माइकसमोर ती पोर येणार. सरळ होतं.

संध्याकाळी इथं स्वागत समारंभ होता. रिकाम्या कार्यालयात एक माणूस खुर्च्या पुसत होता. अण्णा वायरी जोडायला टेबलाखाली शिरले होते. कीबोर्डच्या कोपऱ्यावर नेहमीसारखा त्यांचा नॅपकीन पसरलेला. घाम पुसायला म्हणे. पण घाम ते कायम बाहीलाच पुसायचे. माणूस पहिल्यापासून आतल्या गाठीचा, असं तिला आज वाटलं.

तिनं हळूच मशीनचं पट्टी बदलायचं बटण फिरवलं आणि काळी पाचवर आणून ठेवलं.

"चला अक्का, एक ओळ म्हणा." अण्णा वर आले. वयानं मोठे, तरी तिला अक्का म्हणायचे. त्यांनी काळी पाच दाबली. तिनं डोळ्यांनी बघितलं. सूर घेतला.

मशीनमधल्या दोघी भांडायलाच उठल्या. एक इकडं ओढतेय, एक तिकडं. खुर्च्या पुसणारा फडकं हातात धरून बघत राहिला.

"अहो, ह्याला हात कुणी लावला?" अण्णांनी झडप घालून बटण काळी तीनवर नेलं. त्यासरशी त्या दोघी तिच्या आवाजाला येऊन चिकटल्या, सख्ख्या बहिणींसारख्या.

अण्णांचं बोट अजून काळी पाचवरच होतं.

गडबडीत नॅपकीन खाली पडला होता. तो पसरलेला असायचा तिथं कीबोर्डची एक छोटी पाटी उजळलेली. तिच्यावर आकडा : उणे चार.

महेश्वरी कधी बोटाकडं बघे, कधी आकड्याकडं. दाबायची काळी पाच, वाजायची चार घरं खालची. कीबोर्डनं हे गुपित ठेवलं होतं. मशीनला मात्र खरी पट्टी सांगावी लागत होती.

"कधीपासून?"

अण्णांनी बाहीनं घाम पुसला. "सात वर्सं झाली. एकदम न्हाय उतरवलं, अक्का. एकेक घर. तुमाला कळू नये म्हणून."

"आणि ऋतुजा?"

"मशीन तुमच्या खऱ्या पट्टीत तपासायचं होतं. तुमाला न कळता त्या पट्टीत तिच्याशिवाय दुसरं कोण गाणार हाय?"

महेश्वरीनं वाकून नॅपकीन उचलला. झटकला. त्या आकड्यावर नीट पसरून ठेवला.

"हं," ती माइकसमोर उभी राहिली. "द्या काळी पाच."