सतरा नंबरचा गोळा

"त्या दिवशी सांधेवाला पो थिट दारू पिऊन तर्र होता. पूल हलतोय हा निरोप त्याने स्टेशनमास्तरांना सांगितलाच नाही. ड्रायव्हरच्या हातात लाइन मोकळी असल्याचा गोळा देऊन गाडी सोडली. एक्केचाळीस माणसं नदीत गेली." शाळेतल्या टुन मास्तरांनी कागद खाली ठेवून चष्मा पुसला. "हरकत असेल तर आत्ताच बोला. पुरावा असेल तर दाखवा. एकदा छापलं की छापलं."

विहाराच्या मंडपात अर्धं थबेगोन बसलं होतं. गावात रेल्वे आल्याला शंभर वर्षं होत होती, म्हणून गावाचा आणि आजूबाजूच्या मुलखाचा इतिहास छापायचा घाट घातला होता. पुस्तक शाळेत लागणार होतं. पोरं ते पाठ करणार होती.

न्यो म्या उठली. पो थिटची मुलगी. फलाटावर माशाच्या रश्श्यातल्या शेवया विकता विकता पन्नाशी गाठलेली बाई.

"मला आहे हरकत."

"खाली बस, मावशी," मागून कुणीतरी म्हणालं. "बापानं गाडी बुडवली, तू सभा नको बुडवू." मंडप खदखदून हसला.

पुस्तकाच्या समितीचे अध्यक्ष सो म्यिन हसले नाहीत. गावातली एकुलती एक भातगिरणी त्यांची. त्या वेळचे स्टेशनमास्तर म्हणजे त्यांचेच वडील. "बोलू द्या तिला," ते म्हणाले. "बोल बाई."

तिने शालीआडून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं. गाठ सोडली. कवठाएवढा लोखंडी गोळा. त्यावर कोरलेलं: थबेगोन ते इनबिन, सतरा.

मागचे लोक माना उंचावून बघू लागले. एकेरी लाइनीवरचं गाव ते. गोळा ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडीचं चाक हलू द्यायचं नाही, हे तिथलं रांगतं पोरही जाणतं. आणि सतरा नंबरचा गोळा इंजिनाबरोबर नदीच्या तळाशी गेला, असं चौकशीच्या कागदात लिहिलेलं होतं.

"हा अडतीस वर्षं माझ्या तांदळाच्या रांजणात होता," न्यो म्या म्हणाली. "बाप म्हणाला होता, कुणी विचारलं तरच दाखव. आज पहिल्यांदा कुणी विचारलंय. त्यानं गोळा दिलाच नव्हता. पूल हलतोय म्हणून पोटाशी धरून उभा राहिला, मार खाल्ला, शेवटी घेऊन पळाला. मग बिनगोळ्याची गाडी कुणी सोडली? हिरवा बावटा कुणी दाखवला? स्टेशनावर माणसं होती दोन. एक माझा बाप, तो तुरुंगात मेला. दुसऱ्याच्या नावानं शाळेत दालन आहे."

 सो म्यिननी शेजारचं लाखेचं काळं तबक हळूच पुढे सरकवलं. "बघू दे."

न्यो म्याने गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी गोळा तबकात ठेवला. हाताला सवयच ती. दानाच्या त्या तबकात तिने जन्मात कधी एका हाताने फूलसुद्धा ठेवलं नव्हतं.

सो म्यिननी वाकून त्यावरचा नंबर वाचला. मग म्हणाले, "अरेरे. आम्ही इतकी वर्षं म्हणत होतो, बिचारा प्यायला होता, चुकला. हा तर चोर निघाला! गाडी खोळंबलेली, माणसं बोंबलतायत, आणि हा गोळा घेऊन पसार. माझ्या वडिलांनी करायचं काय? मास्तर, दुरुस्ती करा. दारू काढा, चोरी लिहा."

"असं कसं? गोळा नाही तर गाडी उभी ठेवायची! कायदाच आहे तो!" ती गर्रकन वळली. "लाउंगकाका, तीस वर्षं इंजिन चालवलंत तुम्ही. सांगा ना यांना!"

लाउंगकाका चटईची काडी उपटत बसले. त्यांचे दोन्ही मुलगे भातगिरणीत होते.

"मग माझा गोळा मला परत द्या," तिने हात पुढे केला.

मंडपभर 'अगं, अगं' झालं. म्हाताऱ्या बायकांनी कानांवर हात ठेवले. "दान परत मागतेस? विहारात?"

"दान नाही दिलं मी! दाखवायला ठेवला!"

"गुडघे टेकून ठेवलास, दोन्ही हातांनी," सो म्यिन मायेने म्हणाले. "सगळ्या गावानं बघितलं, बाई. आता तो तुझाही नाही, माझाही नाही."

आसनावर पेंगणारे म्हातारे भंतेजी गलबल्याने जागे झाले. समोर भरलेलं तबक दिसलं. त्यांनी डोळे मिटले आणि पुण्य वाटायचे मंत्र सुरू केले.

टुन मास्तरांनी आधी हातातलं वाक्य पुरं केलं. 'चोर' शब्द लिहिला, शाई वाळू दिली. मग उभे राहून मोठ्याने पुकारलं, "विहारातल्या संग्रहालयाला लोखंडी गोळा, नग एक. दिवंगत पो थिट यांच्या नावाने. दान करणार कन्या न्यो म्या." आणि पितळी घंटेवर टोला हाणला.

सगळ्यांनी तीनदा साधु म्हणायला हात जोडले. "साधु."

बाप मेला तेव्हा विहाराने त्याच्या नावाचं मूठभर तांदळाचंही दान घेतलं नव्हतं. एक्केचाळीस जणांचा मारेकरी, त्याला कसलं पुण्य? आज पहिल्यांदा त्याचं नाव इथे पुकारलं गेलं होतं. आणि लेकीने तोंड मिटून धरलं, तर मेलेल्याला पुण्य पोचत नाही.

"साधु."

न्यो म्याने हात जोडले.

तिसरा साधु सगळ्यांत मोठ्याने तिचाच निघाला.